कपाट जोडताना वही घेऊन बसले त्याची गोष्ट

मागच्या रविवारी तीन दारांचं कपाट जोडलं, मी आणि अप्पांनी मिळून. सकाळी साडेआठला बसलो ते संध्याकाळी सातला शेवटचं दार लागलं, मध्ये जेवण आणि नळाला पाणी आलं तो दीड तास गेला तेवढाच. सगळं वहीत लिहिलंय आणि मोबाईलवर 70 च्या आसपास फोटो आहेत.

लिहून ठेवायचं कारण सांगते. आम्ही भाड्यानं राहतो, जुळे सोलापूरला, आणि सहा वर्षांत हे तिसरं घर. मागच्या वेळी सामान हलवताना असंच एक बोर्डाचं कपाट होतं, टेम्पोवाल्या पोरांनी पंधरा मिनिटात खोलून दिलं आणि नव्या घरी आल्यावर ते कुणालाच परत जोडता येईना. कुठली फळी डावी कुठली उजवी, कोणता बोल्ट कुठला, काहीच पत्ता नाही, शेवटी खिळे मारून उभं केलं आणि वर्षभरात ते डुलायला लागलं. चांगलं होतं हो कपाट. भंगारात घालताना फार वाईट वाटलं होतं. तेव्हाच ठरवलं की पुढचं घेतलं तर जोडतानाच प्रत्येक गोष्ट लिहून ठेवायची, कारण आमच्यासारख्यांना ते एकदा जोडायचं नसतं, जोडायचं, खोलायचं आणि परत जोडायचं असतं.

तर खोकी दोन आली, मिळून 94 किलो, आणि आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही. मागवताना जोडायला माणूस येईल असं लिहिलेलं होतं, आल्यावर फोन केला तर म्हणे सोलापूरच्या तुमच्या पिनकोडला ती सेवा नाही. ठीक आहे म्हटलं. अप्पांना फोन लावला. अप्पा पस्तीस वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग बिघडला, ताणा नीट येईना, धोटा अडकला की ज्याला हाक मारतात तो माणूस. ते म्हणाले, "मी येईपर्यंत खोकं फोडू नको, बाळ." आणि अशोक चौकातून रिक्षा करून आले, पिशवीत पाणसळ, टेप, काटकोन बघायचा गुण्या आणि एक जुनी चादर घेऊन. चादर आमच्याकडं नसते का, पण त्यांना तीच जाड हवी होती, फरशीवर पसरायला, फळीचा सनमायका घासू नये म्हणून.

पहिला तास आम्ही काहीच जोडलं नाही. सगळ्या फळ्या भिंतीला टेकवून उभ्या केल्या, स्टिकरवरची अक्षरं कागदाशी जुळवली आणि प्रत्येक फळीच्या आतल्या बाजूला, जिथं कपडे येणार तिथं, पेन्सिलीनं नंबर आणि "वर" असा बाण काढला. स्टिकर निघून जातात, पेन्सिल राहते. हार्डवेअरची पिशवी थाळीत ओतून मोजली: डॉवेल म्हणजे लाकडाच्या बारीक गोल खुंट्या 32 बरोबर, कॅमचे बोल्ट 24 बरोबर, ते बोल्ट आवळून धरणारे गोल कॅम 22. दोन कमी. विजापूर रोडच्या दुकानात गेले तेव्हा दुकानदाराला नुसतं "मिनीफिक्स" (या कॅम-बोल्टच्या जोडीचं दुकानातलं नाव) म्हटल्यावर लगेच कळलं, पण सोबत नमुना नेला होता ते बरं झालं कारण बोल्टची लांबी आणि आटे वेगवेगळे येतात, कॅमचा मात्र 15 मिलीमीटरचा तोच चालला.

हा कॅम म्हणजे या सगळ्या प्रकाराचं हृदय आहे, म्हणून त्यावर वहीत पूर्ण पान घातलंय. बोल्ट एका फळीत उभा बसतो, दुसऱ्या फळीच्या कडेतून त्याचं डोकं आत जातं, आणि तिथं गोल भोकात हा बटणाएवढा कॅम असतो. कॅमवर बारीक बाण असतो, तो आधी बोल्ट जिकडून येणार त्या कडेकडं करायचा, तरच आतली खाच उघडी राहते. मग स्क्रू ड्रायव्हरनं घड्याळाच्या दिशेनं फिरवायचं, साधारण अर्ध्या फेऱ्यात दोन फळ्यांमधली फट डोळ्यादेखत मिटते आणि हाताला एकदम जड लागतं. तिथं थांबायचं. अजून आवळलं तर पार्टिकल बोर्डाचा भुसा होतो, आणि त्यात एकदा पकड गेली की गेली. ड्रिल मशीन तर अप्पांनी लावूच दिलं नाही, सगळं हातानं.

त्यांची एकच गोष्ट दिवसभर चालू होती, "आधी सगळं नुसतं धरून ठेव, मापात आलं की मग आवळ." मी एक कोपरा घट्ट करून मोकळी व्हायला बघत होते आणि ते हात धरत होते. मागाचं पण असंच असायचं म्हणाले, कारखान्यात नवा माग सुट्या भागांत यायचा, सांगाडा उभा करताना एक बाजू आधी आवळली की दुसरी ओढली जायची आणि मग कापड वाकडं यायचं, दोष विणणाऱ्याचा नसायचा. मी त्यांना सांगितलं की 1956 साली स्वीडनमध्ये आयकियाच्या गिलिस लुंडग्रेन नावाच्या माणसाला टेबल गाडीत मावेना म्हणून त्यानं त्याचे पाय काढले आणि तिथून त्यांचं हे चपट्या खोक्यातलं फर्निचर सुरू झालं. अप्पा म्हणाले, "मग तेनं परत लावताना लिहून ठेवलं का नाही?"

चूक झाली ती दुपारी. मधली उभी फळी मी उलटी बसवली. कागदावर नुसती चित्रं, त्यात पुढची कड आणि मागची कड एवढी बारीक काढलेली की कळत नाही. तीन आडव्या फळ्या लावून झाल्या आणि मग दिसलं की पट्टी न लावलेली, भुश्शाची उघडी कड समोर आलीये. म्हणजे चार पायऱ्या मागं जायचं होतं. तेव्हा फोटो उपयोगी पडले, अगदी जीवावरचं काम सोपं झालं. एकेक फोटो उलट्या क्रमानं बघत गेले आणि पंचवीस मिनिटात खोलून परत बसवलं. डॉवेलला फेविकॉल लावला नव्हता म्हणून हे झालं. पक्क्या घरात लावत असाल तर जरूर लावा, मजबुती येते, पण भाड्याच्या घरात लावला की ते कपाट परत सुटणार नाही.

तेवढ्यात पाणी आलं. चार दिवसांआड येतं, त्यामुळं हातातलं सगळं टाकून पिंप, कळशा, बादल्या, टाकी. आणि भरताना ओसंडलेलं पाणी खोलीत आलं, फळ्यांपासून वीतभर अंतरावर. माझ्या पोटात गोळाच आला, कारण हा बोर्ड म्हणजे भुसा आणि डिंक, कडेतून पाणी प्यायला की फुगतो आणि वाळला तरी पूर्वीसारखा होत नाही. अप्पांनी आधी चादरीनं पाणी अडवलं, मग बोलले. कपाटासोबत तळाला लावायला चपटे प्लास्टिकचे बुश आले होते, त्याऐवजी आम्ही दुकानातून एक इंच उंचीचे आणून लावले. आपल्याकडं घराघरात पाणी साठवतात, फरशी रोज पुसतात, तळ उचललेलाच पाहिजे.

पाठीचा पातळ बोर्ड लावायच्या आधी दोन्ही कर्ण मोजायचे, हे कागदावर नव्हतंच. आमचं कपाट 180 बाय 120 सेंटीमीटर. एक कर्ण आला 216.9 आणि दुसरा 215.7, म्हणजे सांगाडा एका बाजूला कललेला. लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांवर दोघांनी समोरासमोर हळूच दाबलं, परत मोजलं, परत दाबलं. दोन्ही 216.3 आले तेव्हा अप्पांनी "हां" म्हटलं आणि मी खिळे ठोकायला घेतले. पाठ पातळ दिसते पण काटकोन तीच धरून ठेवते, म्हणून खिळे कमी मारू नका.

उभं केल्यावर मधल्या दारात वर फट, खाली घासतंय. मी लगेच बिजागरीचे स्क्रू फिरवायला निघाले. अप्पांनी पाणसळ ठेवली वर आणि म्हणाले, "काय करुलाली गं, आधी फरशी बघ." आमच्या खोलीची फरशी बाल्कनीकडं उतरती आहे. त्या बाजूच्या दोन बुशांखाली प्लास्टिकच्या चकत्या सारल्या, बुडबुडा मधे आला, आणि दार आपोआप निम्मं सरळ झालं. उरलेलं बिजागरीच्या पुढच्या स्क्रूनं, पाव पाव फेरा. मग वरच्या बाजूला दोन एल पट्ट्या लावून कपाट भिंतीला बांधलं, घरमालकांना विचारून दोन भोकं पाडली. माझी लेक सहा वर्षांची आहे, खालचा खण उघडून त्यावर चढते. हे काम उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी करा.

रात्री अप्पा जेवायला थांबले, कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही, आणि जेवण झाल्यावर त्यांनी वही मागितली. मी लिहिलेलं सगळं चष्मा लावून वाचलं, दोन ठिकाणी दुरुस्ती केली आणि शेवटच्या पानावर खोलायचा क्रम त्यांच्या अक्षरात लिहिला: दारं, एल पट्ट्या, मग आडवं झोपवून पाठ, मग आडव्या फळ्या, बाजूच्या फळ्या सगळ्यात शेवटी. त्या पानाची झेरॉक्स, अ‍ॅलन की म्हणजे ती षटकोनी वाकडी चावी आणि उरलेला एक कॅम प्लास्टिकच्या पाकिटात घालून वरच्या फळीच्या आतून टेपनं चिकटवलंय. दुकानात कॅम दोनाच्या जागी तीन घेतले होते.