आधी आवाज, मग गॅस : अकोल्यातल्या एका कार एसी वर्कशॉपची वाटचाल

अकोल्यात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. 2024 च्या मे महिन्यात तर उष्णतेपायी जिल्ह्यात जमावबंदी लावावी लागली. अशा गावात गाडीच्या एसीचं दुकान चालणारच, असं लोकांना वाटतं. चालतं, पण उन्हाळाभर. पावसाळ्यात आणि थंडीत भाडं आणि पोरांचे पगार कुठून काढायचे, हा या धंद्यातला खरा पेच. आमच्यापुरता तो सुटला, कारण दोष सापडल्याशिवाय गॅस भरायचा नाही हे आम्ही लावून धरलं. सुरुवातीला त्या हट्टापायी गिऱ्हाइकं परतही गेली.

मी मूळचा फ्रिजवाला. मामांच्या दुकानात ब्रेझिंग, म्हणजे तांब्याच्या नळ्या तापवून जोडणं, शिकलो, तिथून गाड्यांकडे वळलो आणि 2004 साली हायवेलगत पत्र्याचं शेड भाड्याने घेतलं. भांडवल काय, तर नळ्यांतली हवा ओढून काढणारा एक जुना व्हॅक्यूम पंप आणि प्रेशर दाखवणारा दोन घड्याळांचा गेज सेट. तेव्हा रस्त्यावर दोन्ही जातीच्या गाड्या होत्या, जुन्यांच्या एसीत आर-12 हा गॅस आणि नव्यांत आर-134ए. ओझोनचा थर वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल करारामुळे आर-12 हा 2010 पर्यंत जाणार हे ठरलेलंच होतं. सिलिंडर महागले, तसे काही जण जुन्या गाडीत सरळ नवा गॅस सोडू लागले. पण आर-12 बरोबरचं मिनरल ऑइल 134ए मध्ये मिसळत नाही. ते थंडाव्याच्या कॉइलमध्ये साचून राहतं, गॅस दाबून फिरवणाऱ्या कॉम्प्रेसरला परत येत नाही, आणि कॉम्प्रेसर कोरडा फिरून जाम होतो. आमची पहिली कमाई अशाच जाम कॉम्प्रेसरांवर झाली.

गिऱ्हाईक येतं ते निदान सोबत घेऊनच. "भाऊ, गॅस संपला वाटते, मारून द्या." अहो, गॅस काही पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला. पाइपांतून आणि शाफ्टच्या सीलमधून वर्षानुवर्षं थोडा झिरपतो, ते वेगळं. पण गेल्या वर्षी भरलेला यंदा गेला, तर लीक शोधायलाच हवं.

त्यात गेजही फसवतो. इंजिन बंद असताना 35 अंश तापमानाला 134ए चं प्रेशर 114 पीएसआयच्या आसपास दिसतं. नळ्यांत थोडा जरी द्रव गॅस असला, तरी आकडा तोच, मग आत शंभर ग्रॅम असो की चारशे. म्हणून नुसत्या घड्याळाकडे बघून "गॅस बरोबर आहे" म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही. गॅस वजन करूनच भरावा. बॉनेटखाली कंपनीचं लेबल असतं, त्यावर ग्रॅम छापलेले असतात. ते वाचायला लोक का कंटाळतात, कोण जाणे.

आमचं नाव झालं ते मात्र आवाजाच्या कामांवर. लग्नसराईत भाड्याने चालणारी एक सात सीटर गाडी आली होती. ड्रायव्हर मूर्तिजापूरचा. म्हणाला, "सकाळी मस्त थंड करते, दुपारी नागपूर रोडला लागलो की गरम हवा. आणि घरघर अशी की सवारी विचारते, गाडी पोहोचते ना भाऊ?" आधी दोन ठिकाणी गॅस भरून झाला होता. तिसरीकडे नवा कॉम्प्रेसर सांगितला होता.

आम्ही एसी बंद ठेवून इंजिन चालू केलं. घरघर होतीच. इथेच अर्धं निदान होतं. पुलीला कॉम्प्रेसरशी जोडणारा आणि सोडवणारा तो क्लच; एसी बंद असला की त्याच्यामुळे कॉम्प्रेसरचा शाफ्ट थांबलेला असतो, फिरते ती नुसती पुली. आवाज फक्त एसी लावल्यावर येत असता, तर संशय कॉम्प्रेसरच्या पोटावर गेला असता. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरच्या नाकाशी टेकवून मूठ कानाला लावली, तर बेअरिंगची खरखर स्पष्ट. बेल्ट काढून पुली हाताने फिरवली, तर अडत अडत फिरली आणि हलवली तर डगडगलीही.

पण दुपारी थंडावा का जातो? पुली डगडगल्यामुळे ती आणि क्लचची प्लेट यांच्यातली फट वाढली होती. ती साधारण अर्धा मिलिमीटर हवी. इथे फट मोजायच्या फिलर गेजची जाड पात सहज आत गेली. बेअरिंग तापलं की शेजारची, क्लचची प्लेट चुंबकासारखी ओढणारी विजेची कॉइल तापते, तापलेल्या कॉइलमधून करंट कमी जातो, आणि तिला ती मोठी फट ओढून धरता येत नाही. सकाळी थंड गाडीत क्लच पकडतो, दुपारी सोडून देतो. गॅस ओढून काढणारं आणि मोजणारं रिकव्हरी मशीन लावून गॅस काढला, तर लेबलवर 450 ग्रॅम आणि बाहेर आला सहाशेच्या वर. जास्तीच्या गॅसने प्रेशर चढलेलं, म्हणून कॉम्प्रेसर फिरवायला आणखी जोर लागत होता, आणि तोही बिचाऱ्या क्लचवरच. बेअरिंग बदललं, कॉइल बदलली, शिम, म्हणजे पातळ चकत्या, लावून फट जुळवली, व्हॅक्यूम करून मोजून गॅस भरला. कॉम्प्रेसर जुनाच राहिला. तो ड्रायव्हर पुढे त्याच्या स्टँडवरच्या किती गाड्या घेऊन आला, विचारू नका.

रिकव्हरी मशीन आम्ही 2016 मध्ये मुद्रा कर्जातून घेतलं. हिशेब आमच्या सौंच्या हातात असतात. त्यांनी तेव्हा विचारलं होतं, हवेत सोडायच्या गॅससाठी एवढं मशीन कशाला? मी म्हटलं, एक तर 134ए हा तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडच्या 1430 पट भारी, आणि दुसरं म्हणजे त्याशिवाय आत किती होता हे कळतच नाही. दुसरं कारण त्यांना जास्त पटलं.

हिवाळ्याचं काम आमच्या मातीनेच दिलं. कापसाचा हंगाम लागला की जिनिंगकडे ये-जा करणाऱ्या गाड्यांच्या कंडेन्सरवर, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीवर, सरकीचा कापूस आणि धूळ मिळून गादी बसते. हवा जात नाही, प्रेशर चढतं, एसी लावला की इंजिन थरथरतं. दर हिवाळ्यात कंडेन्सर आतून बाहेर, हलक्या प्रेशरने धुऊन घ्या. जोरात फवारा मारला तर पंख दुमडतात.

2020 चा उन्हाळा सगळ्यांचा गेला, तसा आमचाही. टाळेबंदीनंतर मात्र उभ्या राहिलेल्या गाड्या आल्या. एसी महिनोन्महिने लागला नाही, की शाफ्टचं सील कोरडं पडतं आणि गॅस निसटतो. तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, थंडीतही आठवड्यातून दहा मिनिटं एसी चालवा. उंदरांनी कुरतडलेल्या वायरा हा वेगळाच अध्याय.

आता इलेक्ट्रिक गाड्या येऊ लागल्यात. त्यांच्या कॉम्प्रेसरची मोटर आतच असते आणि तेलाने तिच्या विजेला वाट करून द्यायची नसते, म्हणून त्यात नेहमीचं पीएजी नावाचं तेल नाही, तर वीज न वाहू देणारं पीओई तेल. दोन्ही तेलांचे डबे आणि होज आम्ही वेगळे ठेवतो. जास्त व्होल्टेजच्या नारिंगी केबलला आयटीआय झालेला आमचा एकच मुलगा हात लावतो, बाकीच्यांना बंदी.

शिवाय 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. हायवेवरच्या माणसाला यापेक्षा चांगली बातमी नाही. 24 व्होल्टच्या क्लच कॉइली मागवून ठेवल्यात. शेडचं दार तेवढं ठेंगणं पडतंय, ते उंच करायला मिस्त्रीला सांगितलंय.