पेटीमागे पन्नास रुपये आणि हाँगकाँगचं डिस्नीलँड

"खर्च किती आला गो?" हाँगकाँगहून आल्यापासून हा प्रश्न मला लग्नात, बाजारात, पालकसभेत, कणकवली स्टेशनवर गाडीची वाट बघताना, सगळीकडे विचारून झालाय. प्रत्येकीला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच आकड्यांसकट लिहून काढते. आम्ही ठरवत होतो तेव्हा मला असे आकडे कुणीच सांगितले नव्हते, सगळे फोटो दाखवायचे आणि पैशाचं विचारलं की "होतो गं थोडाफार" म्हणून विषय बदलायचे.

आम्ही देवगडचे, घरची हापूसची बाग, बाग हे बघतात, मी आंबापोळी, फणसपोळी, कोकम आगळ करून विकते. निघालो तेव्हा मोठी 10 वर्षांची, धाकटा 6 वर्षांचा, आणि सासूबाई सत्तरीला टेकलेल्या, म्हणजे आम्ही पाच माणसं. आईंना घरी ठेवून जायचं हे कुणाच्या मनातच नव्हतं, पण त्यांची पहिली प्रतिक्रिया मात्र होती, "त्या उंदराक बघूक इतके पैशे कित्याक?"

लोक आधी पार्क ठरवतात, मग पैसे बघतात आणि महिना सगळ्यात शेवटी. मला वाटतं आपल्यासारख्यांनी हे बरोबर उलटं करायला हवं, आधी महिना, मग पैसा, पार्क शेवटी. आमच्याकडे मुलांना सुट्टी मे महिन्यात आणि मे म्हणजे आंब्याचा ऐन हंगाम, घरात पेट्या, गवत, कामाला गडी, वाशीला जाणारी गाडी, त्या महिन्यात आम्ही देवगडातून हलू शकत नाही. जूनमध्ये पाऊस सुरू होतो, कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर जाते, गाड्या हळू धावतात, कुठे दरड आली तर विमानच चुकायचं. गणपतीत घर सोडणं शक्यच नाही. ऑक्टोबरात भातकापणी. मग उरतं काय, तर भाऊबीज झाल्यापासून मोहर यायला लागून फवारण्या सुरू होईपर्यंतचे थोडे दिवस. मुलांना दिवाळीची सुट्टीही तेव्हाच असते. त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला होती, आमचा महिना तिथेच ठरला.

महिना ठरल्यावर पार्क आपोआप गळत गेले. टोकियोला डिस्नीलँड आहे आणि शेजारीच डिस्नीसी आहे, मोठीला तेच हवं होतं, पण दोन पार्क म्हणजे कमीत कमी दोन दिवस आणि जपानचं सगळं बजेट आमच्या आवाक्याबाहेर गेलं. (मे मध्ये जाऊ शकणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, एप्रिलच्या शेवटापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तिकडे गोल्डन वीकची सुट्टी असते, अख्खा जपान फिरायला बाहेर पडलेला असतो.) पॅरिसला शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा, मोठ्या माणसाला फीच 90 युरो, शिवाय त्यासाठी मुंबईची फेरी. सिंगापूरचं युनिव्हर्सल स्टुडिओज सेंतोसा बेटावर आहे, जवळ आहे, सोयीचं आहे, पण तिथल्या बऱ्याच मोठ्या राइड्सना उंचीची अट आहे आणि धाकटा त्यातल्या निम्म्यात तरी बसला नसता.

हाँगकाँगचं डिस्नीलँड 2005 साली सुरू झालं. ते लांताऊ बेटावर आहे आणि विमानतळही त्याला लागूनच. पार्क आटोपशीर आहे, एका दिवसात होतो, आणि आईंच्या पायांचा विचार करता हा मला फार मोठा गुण वाटला. भारतीयांना फिरायला 14 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, तिला पीएआर म्हणतात. ती त्यांच्या इमिग्रेशनच्या सरकारी साइटवर फुकट होते, पैसे मागणाऱ्या दुसऱ्या साइट्सच्या नादी लागू नका. प्रत्येकाची वेगळी नोंदणी, मुलांचीसुद्धा, नाव पासपोर्टवर आहे तस्संच, पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक हवी, आणि मंजूर झाली की ती चिठ्ठी ए-फोर कागदावर छापून सही करून बरोबर ठेवायची. ती सहा महिने चालते. आधी पीएआर आणि मगच विमानाचं तिकीट, हा क्रम मोडू नका, नोंदणी नाकारली गेली तर रीतसर व्हिसा काढावा लागतो आणि तोपर्यंत तुमचे तिकिटाचे पैसे अडकून बसतात.

पासपोर्टची तयारी त्याच्याही खूप आधी करा. मुलांचं काही अडलं नाही, पण त्यांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो म्हणून उगाच फार लवकरही काढू नका. आमचा वेळ गेला तो आईंच्या कागदात. आधारवर जन्मतारीख 1 जानेवारी, शाळेच्या दाखल्यावर वेगळी तारीख आणि माहेरचं नाव, रेशनकार्डावर तिसरंच. ते सगळं एकसारखं करून घेण्यात चार महिने गेले. घरात साठीपुढचं माणूस असेल तर बाकी सगळं सोडून आजच त्यांचे कागद काढून बघा, एवढं माझं ऐका.

आता पैसे. आंब्याच्या धंद्यात पैसा एकदम येतो आणि एकदम जातो, वाशीहून दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब आणि पैसे, आली की त्यातून खत, फवारणी, गड्यांची मजुरी, बँकेचा हप्ता, सगळं वजा. "उरेल त्यातून फिरायला जाऊ" असं म्हटलं तर उरतच नाही कधी. म्हणून आम्ही ठरवलं की पेटी घरातून निघाली की पेटीमागे 50 रुपये बाजूला, पट्टी काय येईल ते येवो. पहिल्या दोन हंगामांत 900 पेट्यांच्या आसपास गेल्या, म्हणजे 45-45 हजार. तिसऱ्या वर्षी अवकाळी पाऊस आणि वर थ्रिप्सची कीड, मोहर डोळ्यांदेखत करपला, 400 च पेट्या झाल्या, 20 हजार. त्या वर्षी हे म्हणाले पन्नास राहू दे, घरात लागतील. मी नाही म्हटलं. ते सोपं नव्हतं, पण एकदा मोडलं असतं तर पुढच्या वर्षी परत मोडलं असतं. शिवाय पोस्टात महिना 5 हजारांची आरडी, तीन वर्षांत 1 लाख 80 हजार. आणि माझ्या आंबापोळी-आगळाचे, गणपतीत चाकरमानी येतात तेव्हाची विक्री धरून, वर्षाला 25 हजार. सगळं मिळून 3 लाख 65 हजार झाले, आरडीचं व्याज अडीअडचणीला वेगळं ठेवलं.

म्हणजे बजेट आधी होतं आणि ट्रिप त्यात बसवली. हाँगकाँग डॉलर आम्ही 11 रुपयांना धरला. पाचजणांची मुंबईहून जाऊन-येऊन विमानाची तिकिटं 1 लाख 65 हजार. हॉटेल पाच रात्री, दोन खोल्या, 85 हजार, कारण तिथे खोल्या फार लहान असतात, पाचजण एकीत मावत नाहीत. जेवणखाण 45 हजार. तिथला सगळा प्रवास केबल कारसकट 16 हजार. देवगड ते मुंबई जाणंयेणं 9 हजार. पाचजणांचा विमा 5 हजार, आईंची बीपीची गोळी चालू आहे ते फॉर्मात लिहिलं, लपवू नका, लपवलं तर क्लेम अडतो. खरेदीला 12 हजार, मुलांना आधीच सांगून. आणि पार्काची तिकिटं? पाचजणांची 28 हजार. ज्याच्यासाठी एवढं सगळं चाललंय त्याचा खर्च एकूण खर्चाच्या दहा टक्केही नाही! हे मला वहीत मांडल्यावरच कळलं, तोवर मी तिकिटावर कुठे सूट मिळते तेच शोधत बसले होते.

वही मांडल्याचा दुसरा फायदा असा की दोन दिवसांचं तिकीट घ्यावं का हे लगेच कळलं. दुसऱ्या दिवसासाठी तिकिटात थोडेच पैसे वाढतात, मोह होतोच. पण आमच्यासाठी एक दिवस वाढवणं म्हणजे हॉटेलचे 17 हजार, जेवणाचे 9 हजार, तिकिटाच्या आधीच 26 हजार. नाही घेतलं. पार्काच्या तिकिटाचे दर तारखेप्रमाणे बदलतात, शनिवार-रविवार आणि सणाचे दिवस महाग, मधला वार स्वस्त, आणि गर्दीही कमी. 3 ते 11 वयाला मुलांचं तिकीट, बारावं लागलं की मोठ्यांचं, विमानातही तसंच, म्हणून मोठीला बारा व्हायच्या आत जायचं हे डोक्यात होतंच. साठीपुढच्यांना पार्काचं तिकीट अगदी नाममात्र आहे, आईंना ते सांगितल्यावर त्या जरा खूश झाल्या.

पॅकेजही विचारलं होतं. जाहिरातीतला आकडा आणि शेवटचा आकडा यात इतका फरक की मी दोनदा फोन करून खात्री केली, जीएसटी वेगळा, टिप वेगळी, दुपारची जेवणं आपली आपण. वर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच कापून घेतात तो कर. तो कापलेला पैसा इन्कम टॅक्समध्ये वळता होतो हे खरं, पण बागायतदाराचं काय, शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, आपण बरेचजण रिटर्न भरतच नाही, मग तो परत मिळवायला आधी रिटर्न भरायला लागणार. पॅकेज घेणार असाल तर हे आधीच विचारून घ्या.

राहायला आम्ही तुंग चुंग निवडलं आणि मी तरी हाच सल्ला देईन. विमानतळावरून एस-वन बस थेट तिथे येते, आणि तुंग चुंगहून एमटीआरने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, एकच स्टेशन पुढे सनी बे, तिथे गाडी बदलली की डिस्नीची खास गाडी, जिच्या खिडक्या मिकीच्या डोक्याच्या आकाराच्या. भारतीय जेवण मात्र तिथे जवळपास सापडलं नाही, त्यासाठी शहरात त्सिम शा त्सुईला जावं लागतं, चुंगकिंग मॅन्शन्समध्ये भारतीय हॉटेलं आहेत. आईंचे सोमवार-गुरुवार, आणि बाकीच्या दिवशीही कशात काय घातलंय कळत नाही म्हणून त्या बाहेरचं खाईनात. दशम्या, मेतकूट, पोह्यांचा चिवडा, लाडू, सगळं नेलं होतं, खोलीत किटली होती तिच्यावर आईंचा चहा झाला. त्यामुळे जेवणाचे पैसे वाचले नाहीत फारसे, पण आईंचं पोट सांभाळलं.

एक गोष्ट आम्ही केली ती सगळ्यांनी करावी असं मला मनापासून वाटतं. जायच्या काही महिने आधी खोपोलीला इमॅजिकात एक दिवस काढला, रंगीत तालीम म्हणून. तिथे कळलं की धाकटा रांगेत चाळीस मिनिटं टिकतो, त्यानंतर रडारड, मोठीला उंचावरच्या राइडची भीती वाटते पण ती कबूल करत नाही, आणि आई चार तास चालतात, मग त्यांना बसायला सावली लागते. हे माहीत नसतं तर तिकडे हजारो रुपये खर्चून एकमेकांवर चिडत फिरलो असतो.

आणि उंची. हाँगकाँगला बिग ग्रिझली माउंटनला 112 सेंटिमीटर लागतात, हायपरस्पेस माउंटनला 102. धाकटा इमॅजिकाच्या वेळी 109 होता. माजघराच्या दाराच्या चौकटीवर ह्यांनी 112 वर खिळ्याने रेघ ओढली, आणि मग दर महिन्याच्या एक तारखेला हा पोरगा पाठ टेकवून उभा, आजी डोक्यावर पट्टी धरणार. नाही पोचला तर तिथे रडायचं नाही हे आधीच ठरवून ठेवलं होतं. दसऱ्याला पोचला. त्या दिवशी घरात जो आनंद झाला तो पार्कातल्या फटाक्यांपेक्षा कमी नव्हता.

परतीच्या चाकरमान्यांनी दिवाळीनंतरच्या मुंबईच्या गाड्या फुल्ल असतात, म्हणून आरक्षण उघडलं त्याच सकाळी मी तिकिटं काढली, आणि एक दिवस आधी जाऊन डोंबिवलीला नणंदेकडे राहिलो. मुंबईहून थेट विमान सहा तासांच्या आसपास. तिथलं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास, म्हणजे तिथले साडेदहा आपले आठ, तरी पार्क उघडायच्या वेळी जायला मुलांना उठवणं जड गेलं नाही. पार्कात आईंनी पार्काभोवती फिरणाऱ्या गाडीतून तीन चकरा मारल्या, मुलं राइड्सच्या रांगेत असली की त्या गाडीत. फ्रोझन सिनेमावरचा भाग 2023 मध्ये उघडलाय, गर्दी तिथेच जास्त, आम्ही गेट उघडल्याबरोबर आधी तिकडे गेलो.

एक दिवस मी मुद्दाम आईंसाठी ठेवला होता, पार्कासारखाच वहीत लिहून. केबल कारने न्गाँग पिंगला मोठा बुद्ध बघितला, 268 पायऱ्या आहेत, आई निम्म्या चढून बसल्या, तिथूनच हात जोडले. मग बसने ताय ओ. ते कोळ्यांचं गाव आहे, पाण्यात खांबांवर उभी घरं, दारात वाळत घातलेले मासे, कोळंबीची चटणी तर तिथली प्रसिद्धच. बसमधून उतरलो आणि वास आला. पाच दिवसांत पहिल्यांदा आई आमच्या पुढे चालायला लागल्या. एका दुकानापुढे थांबल्या, टोपलीतली सुकी कोळंबी चिमटीत धरून वास घेतला, आत बसलेल्या त्यांच्याच वयाच्या बाईकडे बघून मान हलवली, तिनेही हलवली. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "अगो, इतक्या लांब इलंव आणि वास तोच!"

घेतलं काही नाही. पण तिथल्या बाकावर दोघी बराच वेळ शेजारी बसल्या होत्या आणि आम्हाला परतीच्या दोन बसेस सोडाव्या लागल्या.