कॉनवेचं भाडं कोण देणार?

'केंटकी रूट झिरो' हा कॉम्प्युटर गेम मी २०१३ साली विकत घेतला आणि २०२० साली संपवला. यात आळस माझा नाही, गेमच तसा तुकड्यातुकड्यानं आला. पहिला अंक जानेवारी २०१३ ला, दुसरा त्याच वर्षी मे महिन्यात, तिसरा मे २०१४ ला, चौथा थेट जुलै २०१६ ला आणि पाचवा २८ जानेवारी २०२० ला. बनवणारी माणसं तीन. जेक इलियट, तामाश केमेन्सी आणि संगीत देणारा बेन बॅबिट. २०११ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून साडेआठ हजार डॉलरच्या आसपास जमवून कामाला लागले. पाचही अंकांचे पैसे आपण आधीच मोजलेले, माल मात्र त्यांच्या सवडीनं. मार्केट यार्डात एखाद्या अडत्यानं असं केलं असतं तर लोकांनी त्याच्या गादीवरच मुक्काम ठोकला असता.

माझं सांगलीच्या गावभागात कॉम्प्युटर-प्रिंटर दुरुस्तीचं दुकान आहे. संध्याकाळी गिऱ्हाईक आटलं की टेस्टिंगच्या मोठ्या मॉनिटरवर गेम लावायचा आणि येईल त्याच्यासाठी खुर्ची सरकवायची, असा आमचा रिवाज. हा गेम जवळजवळ सगळाच वाचायचा. इंग्रजी मी वाचायचो आणि आमच्या बोलीत सांगायचो, मग पुढचं वाक्य कुठलं निवडायचं यावर बाकीच्यांची भांडणं व्हायची. क्लिक तेवढं माझं.

गोष्ट अशी. कॉनवे नावाचा उताराला लागलेला ड्रायव्हर जुन्या वस्तूंच्या एका दुकानाचा माल पोचवतो. दुकान बंद व्हायचंय, ही शेवटची खेप. सोबत गवती टोपी घातलेला कुत्रा. पत्ता, ५ डॉगवुड ड्राइव्ह. तो कुणालाच माहीत नाही. घोड्याच्या मुंडक्याच्या आकाराच्या पेट्रोल पंपावर तो रस्ता विचारायला थांबतो आणि तिथून सगळं सुरू होतं.

आमच्यातला सगळ्यात जुना प्रेक्षक म्हणजे छोटा हत्ती चालवणारा माझा मित्र. तासगावहून बेदाणे आणणं, यार्डातून हळदीची पोती पोचवणं, हे त्याचं रोजचं. पहिल्याच संध्याकाळी त्यानं विचारलं, "दुकान बंद पडणार म्हणतोयस, मग ह्याचं भाडं कोण देणार?" गेममध्ये याचं उत्तर नाही. तो मात्र दर अंकाला विचारत राहिला.

रस्ता सांगायची पद्धत त्याला बेहद्द पटली. पंपावरचा म्हातारा कॉनवेला सांगतो, की सतत जळत असलेलं एक झाड लागेल, तिथं वळायचं. नकाशावर काळ्या पार्श्वभूमीवर बारीक पांढऱ्या रेघा आणि आपल्या गाडीचं एक चाक. बाण नाही, ठिपका नाही. मित्र म्हणाला, "बरोबर हाय की. मोबाईल आल्यापासनं लोकांना खुणा सांगता येईनात." पुढं झिरो नावाच्या त्या भुयारी रस्त्यावर गोल गोल फिरून ठरावीक खुणेला गाडी उलटी वळवावी लागते, तेव्हा क्लिक कधी करायचं तेही तोच सांगायचा.

दुसरा प्रेक्षक बँकेत नोकरीला. 'मंकी आयलंड' या जुन्या कोड्यांच्या गेमवर वाढलेला. दिसेल ती वस्तू खिशात टाकायची, सगळ्या एकमेकींना लावून बघायच्या आणि अडलं की रात्रभर तळमळायचं, अशा वळणाचा माणूस. पंपाच्या तळघरातलं कोडं त्याला आवडलं. अंधारात हरवलेला वीस बाजूंचा फासा शोधायचा असतो आणि तो आपला दिवा मालवल्याशिवाय चमकत नाही. पण वर येऊन पंपाच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड घालायचा, तिथं गाडी अडली. पासवर्ड म्हणजे एक छोटी कविता, ओळी आपण निवडायच्या, आणि कुठल्याही निवडल्या तरी चालतात! "मग विचारतात कशाला?" म्हणून तो उठला, तो पुन्हा फिरकला नाही. त्याच्यासारखे जगभर पुष्कळ निघाले. यात गेम कुठाय, नुसतं चालायचं आणि वाचायचं, हा आक्षेप पहिल्या अंकापासून शेवटपर्यंत चालू राहिला. एक गोष्ट त्याला सांगायची राहूनच गेली. अमेरिकेतल्या केंटकीत मॅमथ केव्ह ही जगातली सर्वांत लांब ज्ञात गुहा आहे. विल क्राउदर नावाच्या गुहा धुंडाळणाऱ्या प्रोग्रॅमरनं सत्तरच्या दशकात त्याच गुहेवरून नुसत्या मजकुराचा पहिला अॅडव्हेंचर गेम लिहिला. म्हणजे याच्या मंकी आयलंडचं मूळ गाव तेच. तिसऱ्या अंकात त्या जुन्या गेमला सलामही आहे.

वाट बघण्याच्या वर्षांत मंडळी फुकटचे छोटे मध्यांतर-गेम सोडायची. एकात तर खरा चालू फोन नंबर होता. लावला की इको नदीविषयी रेकॉर्ड केलेली बडबड ऐकू यायची. (इको नदी खरी आहे, मॅमथच्या पोटातून वाहते.) परदेशातल्या खेळणाऱ्यांनी तो लावून लावून मजा घेतली. आम्ही आयएसडीचा दर आठवून गप्प बसलो.

तिसरा अंक संपला तेव्हा मात्र दुकानात कुणी बोलेना. कॉनवे दारू सोडलेला माणूस. पाय मोडलेला, त्यावर एका कंपनीच्या औषधाचा इलाज झालेला. जमिनीखालच्या एका व्हिस्कीच्या कारखान्यात त्याच्यापुढं ग्लास येतो. आपण मधे काहीही बोला, तो पितोच. मग कळतं, त्या एका घोटाची किंमत त्याला कधीच फिटणार नाही, तेव्हा ती फेडायला इथंच ट्रकवर ये. चौथ्या अंकात तो खरंच त्या कारखान्यातल्या चमकणाऱ्या हाडांच्या माणसांबरोबर निघून जातो. बऱ्याच खेळणाऱ्यांना हा दगा वाटला. इतकी वर्षं ज्याला आम्ही चालवलं, त्याला असा मधेच नेता?

मित्राला दगा वगैरे काही वाटला नाही. तो एवढंच म्हणाला, "गाडी वडून नेली असती तर बरं झालं असतं. ह्यांनी ड्रायव्हरच वडून नेला." त्याच्या गाडीचे हप्ते तेव्हा चालू होते.

मग आला ऑगस्ट २०१९. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. त्या वर्षी पाणी ५७ च्या वर गेलं. माझं दुकान शटरच्या वरच्या पट्टीपर्यंत पाण्यात होतं. पाणी उतरल्यावर पुढं कित्येक महिने आमच्याकडं एकच काम, बुडालेली यंत्रं. कॅबिनेटचं झाकण काढलं की आत गाळाचा पातळ, गुळगुळीत थर, वाळून बारीक भेगा पडलेला. तो पंख्याच्या पात्यांवर, रॅमच्या खाचेत, पॉवर सप्लायच्या जाळीआड. आधी कोरड्या ब्रशनं काढायचा, मग आयपीए, म्हणजे साफसफाईचं अल्कोहोल, ओतून बोर्ड घासायचा, मग वाळवायचा. प्रिंटरच्या रोलरमधला तर निघायचाच नाही. वास दिवाळीनंतरही होता. गिऱ्हाइकाला कॉम्प्युटर नकोच असायचा. हार्डडिस्कमधले लग्नाचे फोटो मिळतील का, उधारीची फाईल मिळेल का, एवढंच विचारायचे. निम्म्या वेळा मिळायचं.

आणि भिंतीवर पाण्याची रेघ तशीच असताना जानेवारीत पाचवा अंक आला. त्यात काय निघावं, तर रात्रीतून पूर येऊन गेलेलं गाव. आधीचा सगळा गेम अंधारातला, हा एकच अंक लख्ख सकाळचा. आपण एक मांजर. विहिरीभोवतीच्या त्या एवढ्याशा गावात पळत फिरायचं आणि जिथं दोन माणसं बोलतायत तिथं थांबून ऐकायचं. पुरात गावाचे दोन लाडके घोडे मेलेत, त्यांना पुरायचंय. आणि प्रश्न एकच, राहायचं की जायचं?

बाहेरच्या प्रतिक्रिया तेव्हा वाचल्या होत्या. काहींना शांत, सुंदर वाटला. काही म्हणाले, सात वर्षं थांबून हेच दिलंत? काही घडतच नाही.

आमच्या मागच्या वाड्यातल्या काकू त्या संध्याकाळी यूपीएसची बॅटरी न्यायला आल्या होत्या, त्या बसल्या. त्यांचं माहेर सांगलीवाडीतलं. थोडा वेळ बघून म्हणाल्या, "चिखल कुठाय रे ह्यांचा?" खरंच नव्हता. पाणी साचलंय, सामान विखुरलंय, पण आपल्याकडं पाणी उतरल्यावर खोऱ्यानं ओढावा लागतो तो चिखल नाही. कुणाच्या घरात साप नाही निघाला. पंचनाम्याला कोण आलंय, हेही त्यांनी विचारलं. मित्र म्हणाला, "काकू, तिथं तलाठी नसतोय." त्यावर काकूंचं म्हणणं असं, की मग एवढे निवांत कसे उभे आहेत हे?

घोड्यांपाशी मांजर पोचलं आणि काकूंची चौकशी थांबली. त्यांच्या भावाच्या म्हशी दावणीलाच गेल्या होत्या. रात्रीत दावी कापायला कुणाला जाता आलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "सगळ्यांनी मिळून खड्डा काढला, हे बरं केलं." त्यानंतर वाक्यं त्याच निवडायला लागल्या. मित्र प्रत्येक माणसाला "जावा की आता, काय ठेवलंय हितं" कडं ढकलायचा, काकू त्याला गप्प करून राहायचं वाक्य घ्यायला लावायच्या. गोष्टीला फरक शून्य. शेवटी सगळेजण कॉनवेचं सामान ५ डॉगवुड ड्राइव्हच्या घरात वाहून नेतातच.

इथं मला बँकवाल्या मित्राचं म्हणणं खोडायचंय. निवडीनं काही बदलत नाही म्हणून ती खोटी, असं तो आणि त्याच्यासारखे हजारो म्हणतात. पण त्या ऑगस्टात आमच्या गल्लीच्या हातात काय होतं? कोयनेतून किती सोडतायत, अलमट्टीतून पुढं किती जातंय, हे बातम्यांत ऐकायचं आणि माळ्यावर मावेल तेवढं चढवायचं. पाणी आपल्याला विचारून आलं नाही आणि गेलंही नाही. नंतर मात्र प्रत्येकजण काहीतरी ठरवून बोलत होता. कुणी म्हणायचं विश्रामबागेत फ्लॅट बघू, कुणी म्हणायचं वाडा सोडायचा नाही. त्या बोलण्यावरूनच माणसं कळली, निदान मला. गेम नेमकं तेवढंच तुमच्या हातात देतो. पुराच्या आधी मी हे असं बोललो असतो असं नाही.

चिखलाबद्दल मात्र मी काकूंच्या बाजूचा. बनवणाऱ्या तिघांनी मिळून गाव इतकं स्वच्छ धुवून ठेवायला नको होतं. काकू अजून त्याच वाड्यात आहेत. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५० फुटांच्या वर गेलं, तेव्हा त्यांचा फ्रिज आधीच वरच्या मजल्यावर होता.

हल्ली वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला शिकणारा एक पोरगा दुकानात येतो. त्याला हा गेम सगळा एकत्र मिळाला, मध्यांतरांसकट. वाट बघणं नाही, भांडणं नाही, चार-दोन रात्रींत उरकला. त्याचं मत, "लई स्लो आहे काका. आणि त्या चौथ्या अंकात तर चीटिंग आहे." त्या अंकात सगळे बोटीवरून इको नदीतून चाललेले असतात. दर धक्क्याला ठरवायचं, उतरणाऱ्यांबरोबर जायचं की बोटीवर थांबायचं. एक बघितलं की दुसरं हुकलं.

परवा लॅपटॉपचा हिंज बदलून घ्यायला आला, तर स्क्रीनवर तीच बोट. मी म्हटलं, आवडला म्हणायचा की मग. म्हणाला, "आवडला कुठं? मागच्या वेळी मी सगळीकडं उतरलो होतो. बोटीवर मागं राहिलेले काय बोलत होते, तेवढं ऐकून घेतो."