बोहरी आळीत न जाता

"काकू, तुम्हाला नवीन मणी घ्यावेसे वाटतच नाहीत का हो?"

सोसायटीतल्या मुली विचारतात, हळदीकुंकवाला आलेल्या बायका विचारतात, परवा भाचीनेही फोनवर हेच विचारलं. माझ्या गळ्यात दर सणाला वेगळी माळ असते, कुणाला भेट द्यायची तर ती हातानेच केलेली असते, आणि गेली तीन वर्षं मी त्यासाठी एकही मणी, मोती किंवा खडा विकत आणलेला नाही, हे त्यांना माहीत आहे. तुम्हीही विचारलंत, म्हणून आज सविस्तर सांगते.

वाटतात. फार वाटतात. पुण्यात रविवार पेठेतून जायची वेळ आली की बोहरी आळीकडे पाय आपोआप वळतात. दुकानाच्या दाराशी टांगलेल्या मण्यांच्या लडी, आत भिंतभर छोटे छोटे कप्पे, एकाच निळ्याच्या दहा छटा, आणि दुकानदाराने काचेवर ओतलेल्या मण्यांचा तो आवाज. मण्यांचं वेड असलेल्या माणसाला तिथे उभं राहून काही न घेता परतणं किती अवघड जातं, ते मला विचारा. माझी ओढ कमी झालेली नाही. फक्त ती नेमकी कशाची आहे, ते मला उशिरा कळलं.

कळलं ते दिवाळीच्या साफसफाईत. माळ्यावरून डबे, बरण्या, मिठाईचे रिकामे खोके, सगळं खाली काढलं. कित्येक पिशव्यांच्या गाठी दुकानदाराने मारल्या तशाच होत्या. एका पिशवीतले मोरपंखी मणी हातात घेतले आणि ते घेतानाचा दिवस लख्ख आठवला. नारायणपेठी साडीवर घालायची तीनपदरी माळ तेव्हा डोळ्यांसमोर पूर्ण उभी राहिली होती, मधे कुठे सोनेरी मणी येणार तेसुद्धा ठरलं होतं. तो आनंद खोटा नव्हता. पण ती माळ दुकानातच करून झाली होती. घरी येईपर्यंत तिच्यात करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून पिशवी बांधलेली राहिली. पुढच्या खेपेला दुसरा रंग, दुसरी माळ, दुसरी पिशवी. विकत घेण्याचा आनंद आणि करण्याचा आनंद मी इतकी वर्षं एकच समजत होते.

त्याच दिवशी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढून मी मणी मोजले. नुसते काचेचे बारीक मणीच तीन किलो भरले. ज्यांनी हे काम केलंय त्यांना या आकड्याचा अर्थ लगेच कळेल. अकरा नंबरचा मणी जेमतेम दोन मिलिमीटरचा, एका ग्रॅममध्ये शंभराच्या आसपास बसतात. पंधरा ग्रॅममध्ये एक छानशी माळ होते. म्हणजे तीन किलोत दोनशे माळा. महिन्याला दोन केल्या तरी आठ वर्षं पुरतील एवढं सामान माझ्या माळ्यावर होतं, आणि मी मात्र "सामान संपलं की बसते करायला" असं म्हणत नवं आणत होते.

मग नियम ठरवला. दोरा, सुया, डिंक आणि हूक संपले तर आणायचे, कारण ते खरोखर संपतात. मणी, मोती, खडे, लोलक मात्र घरात आहेत तेवढेच. नियम सोपा ठेवला, कारण अटी वाढवल्या की मन त्यातून वाट काढतंच.

पहिले दोन महिने मला हात बांधल्यासारखं झालं. तिसऱ्या महिन्यात धाकट्या जावेसाठी हिरव्या मण्यांची जाळीदार माळ करायला घेतली आणि अर्ध्याच्या पुढे हिरवे संपले. एरवी मी चप्पल घालून निघाले असते. त्या रात्री माळ तशीच ताटलीत ठेवली आणि सकाळी चहा घेताना तिच्याकडे बघत बसले. घरात हिरव्याच्या जवळचे म्हणजे शेवाळी होते, थोडे पोपटी होते, आणि जुन्या मंगळसूत्राचे काळे होते. सगळी माळ उसवली. काळ्यापासून सुरुवात करून शेवाळी, मग हिरवे आणि टोकाला पोपटी, असं पुन्हा विणलं. झाडाला पालवी फुटते तशी ती उजळत गेली. पुरेसे हिरवे मणी असते तर मी एकसारखी हिरवी माळ केली असती, आणि ती बरीच दिसली असती. पण ही माळ मला सुचली, ती हिरवे संपले म्हणून. जाऊबाई ती अजून लग्नाकार्यात घालतात.

तारेचंही असंच झालं. घरचं वायरिंग बदललं तेव्हा इलेक्ट्रिशियन तुकडे टाकून देत होता. दीड चौरस मिलिमीटरची वायर सोलली की आत तांब्याच्या बावीस बारीक तारा निघतात, प्रत्येकी 0.3 मिलिमीटरच्या. मऊसूत, बोटांनी हवी तशी वळणारी, आणि मोत्याच्या भोकातून दोनदा जाईल इतकी बारीक. ती एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली तर मात्र कडक होते आणि तुटते, म्हणून वळण आधी कागदावर काढून घ्यायचं आणि तार एकदाच वळवायची. या तारेवर मी नथीच्या आकाराच्या साडीपिना केल्या. खरी नथ तिच्यावर करत नाही. तांबं घामाने हिरवं पडतं, ते नाकात नको. नथीसाठी जुन्या, मोती गळलेल्या नथींचे दाब, म्हणजे नाकाला धरणारे चाप, जपून ठेवलेत.

संक्रांतीला बहिणीच्या नातवाचं बोरन्हाण होतं. हलव्याच्या दागिन्यांचं तयार सामान हल्ली सगळीकडे मिळतं. मी हलवा तेवढा आणला, कारण तो खायचा पदार्थ आहे, त्याला माझा नियम कशाला लावू? मुकुटाचा पुठ्ठा आणि सोनेरी नक्षी घरातल्या लग्नपत्रिकांमधून कापली. बाळ हात तोंडात घालणारच, म्हणून हलवा डिंकाने न चिकटवता एकेक दाणा दोऱ्यात गाठवला. चार संध्याकाळी गेल्या. काळ्या झबल्यावर ते पांढरे काटेदार दाणे इतके शोभले की बहिणीचे डोळे भरून आले.

पण ज्यासाठी मी या नियमाची खरी ऋणी आहे, तो आईचा तन्मणी. मी कॉलेजात असताना तो तुटला. दोऱ्यात गाठी नव्हत्या, त्यामुळे सगळे मोती फरशीवर उधळले, काही कपाटाखालून पुढे कुठे गेले ते सापडलेच नाहीत. उरलेले तिने खोडासकट, म्हणजे मधल्या लोलकासकट, रुमालात बांधून ठेवले. ती गेल्यावर तो रुमाल माझ्याकडे आला. तन्मणी पाच पदरी होता, तो पाच पदरीच व्हायला हवा, असं माझ्या मनाने घेतलं होतं. त्यासाठी मी दोनदा बाजारात जाऊन मोती बघितले. नवा मोती आईच्या मोत्यांशेजारी ठेवला की तिचे मोती आजारी दिसायचे. मी रुमाल पुन्हा बांधून परत यायची. अशी वर्षं गेली.

नियम केल्यावर रुमाल सोडला आणि मोती मोजले. 214 होते. मोती दातांवर हलकेच घासून बघतात, खरा असेल तर किंचित खरखरीत लागतो, काचेचा असेल तर गुळगुळीत. एकेक करून सगळे तपासले. त्यात 31 काचेचे निघाले. मला धक्काच बसला. मग उमगलं, तो तन्मणी आधीही केव्हातरी तुटला असणार, आणि हरवलेल्या मोत्यांच्या जागी आईने घरात होते ते काचेचे मोती ओवून तो पुन्हा गळ्यात घातला असणार. कुणाला कळलंही नाही. माझ्या लहानपणीच्या सगळ्या फोटोंत तो तिच्या गळ्यात आहे.

रेशमी दोरा आणला, त्याला मुभा होतीच. मेण लावून घेतलं. पाच पदरांचा हट्ट सोडला, सत्तर सत्तर मोत्यांचे तीन पदर केले. प्रत्येक मोत्यानंतर सुईने ओढून गाठ बसवली. आता दोरा तुटला तर फार तर एक मोती निसटेल. काचेचे 31 मी काढले नाहीत, मागे गोंड्याजवळ ओवले. राहिलेले चार मोती त्याच रुमालात आहेत. अत्तर आणि घाम मोत्याला सोसत नाही, म्हणून तो घालून आले की ओलसर मऊ फडक्याने पुसते आणि मगच ठेवते.

एका मैत्रिणीने कळवळून विचारलं होतं, सगळ्यांनी असंच ठरवलं तर मणी करणाऱ्यांनी जायचं कुठे? तिचं म्हणणं मला मनापासून पटतं. उत्तर प्रदेशातलं पुरदिलनगर काचेच्या मण्यांसाठी ओळखलं जातं. ज्योतीवर काचेची कांडी मऊ करायची, ती लोखंडी तारेवर गुंडाळायची, असा एकेक मणी हाताने घडतो. त्या माणसाने आगीसमोर बसून केलेला मणी माझ्या माळ्यावर गाठ मारलेल्या पिशवीत पंधरा वर्षं पडून होता, याचं मला आता वाईट वाटतं. माझे मणी संपतील तेव्हा मी पुन्हा बोहरी आळीत जाईन, आनंदाने जाईन. आजपर्यंत तीन किलोतले साधारण अकराशे ग्रॅम संपलेत.

मागच्या शनिवारी तिसऱ्या मजल्यावरची मुलगी आली. तिला हे शिकायचंय, आणि सामान घ्यायला मी तिच्याबरोबर चलावं अशी तिची इच्छा होती. मी म्हटलं, आधी घरात काय आहे ते घेऊन ये. संध्याकाळी ती एक स्टीलचा डबा घेऊन आली. तुटलेल्या तीन माळा, आजीची काळी पोत, जोडीतलं एकेकटं राहिलेलं कानातलं, कुठल्याशा ड्रेसवरून सुटलेले टिकल्या-मणी. आम्ही ते परातीत ओतले आणि रंगांप्रमाणे वाट्यांमध्ये निवडायला बसलो. लाल आणि पांढरे झालेत. हिरवे अजून राहिलेत, उद्या पाचला ती येणार आहे.