मत वाया जाईल म्हणे

"पटतो गं मला ममदानी, पण निवडून थोडाच येणार? मत कशाला वाया घालवू?" जून २०२५, न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, म्हणजे प्रायमरी. शहरातल्या जॅक्सन हाइट्सच्या मतदान केंद्राबाहेर, भाजून काढणाऱ्या उन्हात, शेजारच्या काकू म्हणाल्या.

अहो काकू, पण न्यूयॉर्क शहराच्या प्रायमरीत मतपत्रिकेवर पाच पसंतीक्रम देता येतात! पहिला ममदानी, दुसरा लँडर, वाटलं तर पाचवा कुओमो. पहिला बाद झाला की मत पुढच्याकडे जातं. वाया जायचा प्रश्नच कुठे येतो? पण काकूंनी एकच गोल काळा केला, कुओमोचा. उरलेले चार रकाने कोरे.

२०२० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीत बर्नी सँडर्सबद्दलही हेच कानावर यायचं. माणूस चांगला, पण 'निवडून येण्यासारखा' नाही. हे ठरवतं कोण? मत देणारेच ना?

खालच्या मजल्यावरचा मुलगा भाडेवाढीने मेटाकुटीला आलाय. त्याला तर मतच देता आलं नाही, कारण प्रायमरीत पक्षात नोंदलेल्यांनाच मत देता येतं आणि तो कुठल्याच पक्षात नोंदलेला नाही. नोंदणी बदलायची मुदत १४ फेब्रुवारीलाच संपली. निवडणूक २४ जूनला! तेव्हा प्रायमरीचं नाव तरी कोण काढत होतं?

रात्री कुओमोंनी हार मान्य केली. लगेच काकूंचा मेसेज: "अगं, आला की गं तो!"

नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत काय म्हणतील, हाच प्रश्न तेव्हा मनात होता.