टिबुकलीपासून निळ्या देवमाशापर्यंत: तिसऱ्या वर्षाची नोंद

यंदाची नोंद उशिरा लिहितोय, कारण दरवर्षीचंच. उन्हाळी धानाला पाणी सुरू झालं की इकडे मोटारी जळायला लागतात, आणि माझं दुकान मोटार वाइंडिंगचं. श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर देवमासे बघायचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. म्हणजे त्यांचा हंगाम आणि माझा धंद्याचा हंगाम एकमेकांच्या उरावर. मधे डिसेंबरात जरा फट मिळते: पुंजण्यातला धान घरी आलेला असतो आणि उन्हाळी धानाचे पऱ्हे अजून टाकायचे असतात. त्या फटीतून मी तिथल्या मिरिस्साला जाऊन आलो. बोटीवरच्या चार सकाळी पदरात पडल्या.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. मी गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. समुद्र कुठल्याही बाजूने गेलं तरी रात्रभराच्या रेल्वेएवढा लांब. त्यामुळे बुडालेला देवमासा कुठून वर येईल ते ओळखायचा सराव गावच्या मामा तलावावर, म्हणजे माजी मालगुजारी तलावावर, आणि सरावाला टिबुकली, म्हणजे बुड्या मारणारा छोटा पाणपक्षी. ती बुडी मारते, मी घड्याळ चालू करतो आणि ती कुठून वर येईल तिकडे बोट करून ठेवतो. दिशा घड्याळाच्या काट्याप्रमाणे: नाकासमोर बारा, उजव्या हाताला तीन. बोटीवर देवमासा दिसला की खलाशी असंच ओरडतात, तेव्हा सवय आधीच लागलेली बरी. बुडी बहुतेक वेळा दहा ते पंचवीस सेकंदांची. पहिल्या वर्षी पन्नासात अकरा अंदाज बरोबर आले होते, यंदा नोव्हेंबरात सत्तावीस.

पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसून हे करताना ढिवर बाबांनी एकदा विचारलंच, "का गा बापू, सकारपासून का मोजून रायलास?" सांगितलं. त्यांनी विडी विझवली, डोंगा सोडला आणि म्हणाले, "बस. तिकडं हालत्या पान्यावर पाहाचं हाय ना तुले, मंग इथं कोरड्यात बसून का पाहातेस?"

दुर्बिणीचा निकाल त्या डोंग्यातच लागला. माझी 10×42, म्हणजे दहा पट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची, पाळीवरून झकास चालते. डोंग्यात तिच्यातून नुसती हिरवी-निळी खिचडी दिसते, कारण दहा पट मोठं दिसतं तसा हाताचा थरकापही दहा पट मोठा होतो. हलत्या बोटीवर 7×50 घ्यावी. चित्र लहान, पण ठरतं, आणि पहाटेच्या कमी उजेडात जास्त उजळ दिसतं. वजनाने मान दुखते, ते सोसायचं. तरी खरं काम उघड्या डोळ्यांचंच. क्षितिजाच्या खालच्या पट्ट्यावरून नजर हळूहळू फिरवत राहायची, काही खुपलं तरच दुर्बीण लावायची. सुरुवातीपासून दुर्बीण डोळ्याला चिकटवून बसलेल्या माणसाला बोटीवर सगळ्यात शेवटी दिसतं, हे मी पहिल्या वर्षी स्वतःवरच सिद्ध केलंय.

कोकण सोडून एवढ्या लांब का, असं दोघातिघांनी विचारलं होतं. कोकणात देवमासे नाहीत असं नाही. सिंधुदुर्गासमोर 2015 साली निळ्या देवमाशांची नोंद झाली, त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याला एक किनाऱ्याला लागला आणि तिथेच मेला. पण आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोर उथळ तळ फार दूरवर पसरलेला आहे, खोल पाणी लांब पडतं. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला, दोंद्रापाशी, हा उथळ पट्टा अगदी अरुंद. किनाऱ्यापासून काही किलोमीटर गेलं की तळ एकदम खाली जातो. म्हणून सकाळी निघून जेवणाच्या वेळेला परत येता येतं. माझ्यासारख्याला तेवढंच परवडतं.

आता बोटीवरचं.

पहिली सकाळ वाया. साडेसहाला बंदरातून निघालो तेव्हा नारळाची टेकडी, मागे पडत जाणारा दोंद्राचा 49 मीटर उंच पांढरा दीपस्तंभ, सगळं बघून घेतलं. तासाभरात बोटीच्या मागच्या कठड्याला मिठी मारून होतो. उलटीची गोळी बोटीवर चढताना घेतली होती. ती निदान अर्धा-एक तास आधी घ्यायची असते. बाकीच्यांनी त्या दिवशी ब्रायडचा देवमासा बघितला. त्याच्या डोक्यावर तीन उभ्या कडा असतात, बाकी कुणाला नसतात, इतकी सोपी ओळख. माझ्या वहीत त्या तारखेला फक्त "उलटी, 3" असं आहे.

दुसऱ्या दिवशी देवमासा नाही. गिरक्या घेणारे स्पिनर डॉल्फिन भरपूर. मजा येते, पण अंदाजाच्या वहीला त्यांचा उपयोग शून्य.

तिसऱ्या दिवशी समुद्र तेल ओतल्यासारखा सपाट. सात पन्नासला, अकराच्या दिशेला, धुराचा उभा खांब. निळ्या देवमाशाचा फवारा सरळ वर जातो, नऊ मीटरपर्यंत जाऊ शकतो. आमच्या शाळेच्या दुमजली इमारतीपेक्षा उंच. दातवाल्या स्पर्म देवमाशाचा फवारा बुटका, झुडपासारखा, आणि पुढे डावीकडे कललेला, कारण त्याची नाकपुडी डोक्याच्या टोकाला डाव्या बाजूला असते. हा सरळ होता. मग पाठ आली आणि पाठच येत राहिली. पाठीवरचा तो एवढासा पर, पार शेपटीजवळ, येईपर्यंत मी श्वास घेतला नव्हता असं शेजारचा म्हणाला.

निळा देवमासा वर आला की थोड्या थोड्या सेकंदांनी काही श्वास घेतो आणि मग पाठ जास्त वाकवून खोल जातो. माझ्या वहीत: सहा फवारे, मधलं अंतर 12 ते 18 सेकंद, सातव्याला शेपूट वर, बुडी 10 मिनिटं 40 सेकंद. शेपूट गेल्यावर पाण्यावर गुळगुळीत चकता राहतो, शेणाने नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखा. शेपटीच्या फटक्याने वर आलेलं ते पाणी. एकापुढे एक असे चकते जोडत गेलं की प्राणी कुठल्या दिशेला निघालाय ते कळतं. टिबुकलीचंही तेच, बुडण्याआधी चोच कुठे होती ते बघायचं. त्या दिवशी सहा बुड्यांत चार वेळा माझं बोट बरोबर. खलाशाने पाठीवर थाप मारली.

हे देवमासे उत्तर हिंद महासागरातच राहतात. बाकीच्या महासागरांतल्या निळ्या देवमाशांसारखे खाण्यासाठी ध्रुवाकडच्या थंड पाण्यात जात नाहीत. श्रीलंकेच्या सागरी जीवशास्त्रज्ञ आशा डी व्होस यांना 2003 मध्ये समुद्रात देवमाशाची लाल विष्ठा दिसली, म्हणजे हे इथेच जेवतायत, असं तिथून त्यांचं काम सुरू झालं. जेवतात काय, तर एक बारीक कोळंबी, आपल्या जवळ्याच्याच कुळातली. जगातला सगळ्यात मोठा प्राणी आणि आमच्या आठवडी बाजारातली सुकट. मी परत आल्यावर पाव किलो सुकट विकत घेऊन नुसता बघत बसलो होतो.

चौथ्या दिवशीचं लिहू की नको असं झालंय. एकाच देवमाशामागे नऊ बोटी. शंभर मीटर अंतर ठेवायचा नियम तिथे आहे, पण आमच्याच बोटवाल्याने तो देवमाशाच्या आडवा जाऊन मोडला. बुडी चार-पाच मिनिटांवर आली, श्वास दोन-तीनच, शेपूट नाहीच. माझे अंदाज पाचपैकी शून्य. आणि दक्षिणेला कंटेनर जहाजांची रांग चाललेली, कारण जगातल्या गर्दीच्या जलमार्गांपैकी एक तिथूनच जातो. जहाज आदळून देवमासे मरतात. एमएससी या जहाज कंपनीने 2022 मध्ये आपली जहाजं आणखी दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली. त्या दिवशी मात्र रांग काही कमी दिसली नाही. बोटवाल्याला आमच्यापैकी तिघांनी बोलून दाखवलं. पुढच्या वेळी बोट ठरवताना दराआधी अंतराचं विचारणार आहे.

शून्यावरून मला तलावाची जुनी वही आठवली. घरी येऊन पाळीवरचे आणि डोंग्यातले आकडे वेगळे काढले. त्या सत्तावीसातले तेवीस पाळीवरचे होते. डोंग्यातून, म्हणजे टिबुकलीच्या जवळ जाऊन, फक्त चार. दोन्हीकडे बुड्या पंचवीस-पंचवीसच. हे नोव्हेंबरापासून माझ्या वहीतच पडून होतं.

तेव्हा आता डोंगा मधे नेऊन बांबूला बांधतो आणि टिबुकली आपणहून येईपर्यंत गप्प बसतो. बाबांना हे फार पटलंय, त्यांची डुलकी होते. कालची नोंद: बांधलेला डोंगा, दहा बुड्या, सात बरोबर. आठवीच्या वेळी फोन वाजला, कुणाची तरी पाच एचपी जळाली होती, आणि टिबुकली कुठून निघाली ते बघायचं राहिलं.