पंपावर रायफलवाला आला तेव्हा

टेक्ससमध्ये हायवेवरच्या एका गॅस स्टेशनच्या काउंटरवर मी काम करते. कमरेला पिस्तूल लावून कॉफी घ्यायला येणारी माणसं आता अंगवळणी पडलीयेत. आधी नजर सारखी तिकडंच जायची, कारण मी सांगलीची, बंदूक पाहिलेली ती बँकेच्या दारात स्टुलावर बसलेल्या वॉचमनची बारा बोअरची, तेवढीच. इथं 2016च्या जानेवारीपासून लायसन्सवाल्यांना पिस्तूल उघड लावून फिरता येतं आणि सप्टेंबर 2021पासून तर 21 वर्षांवरच्या बहुतेकांना लायसन्सही नको, होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या पाकिटात, असलं की झालं.

पण त्या शनिवारी एक विशी-बाविशीतला पोरगा छातीवर एआर-15 लटकवून आत आला, एका हातात मोबाईल, रेकॉर्डिंग चालू. रायफलला इथं आधीपासूनच लायसन्स लागत नाही, हे मला माहिती होतं, तरी पोटात गोळा आलाच. तो निवांत फ्रिजपाशी जाऊन एनर्जी ड्रिंक निवडत बसला. टाको घेऊन लाइनीत उभी असलेली एक बाई टाको तिथंच ठेवून बाहेर पळाली आणि तिनं पोलिसांसाठी 911ला फोन लावला.

मजा म्हणजे सगळ्यात जास्त भडकला तो आमचा रोजचा म्हातारा, ज्याच्या स्वतःच्या कमरेला पिस्तूल होतं. मला म्हणतो, असल्या शो करणाऱ्यांमुळंच आमचं नाव खराब होतं, आणि उद्या इथं खरंच कोणी लुटायला आला तर पहिली गोळी ह्यालाच बसेल. पोराला मात्र तोंडावर काही बोलला नाही हां. पोरानं पैसे दिले, थँक यू मॅम म्हणाला, गेला.

मग शेरीफचा डेप्युटी, म्हणजे इथला पोलीस, आला. फुटेज बघून म्हणाला गुन्हा काही नाही, लोकांना घाबरवायच्या हेतूनं बंदूक दाखवली तर गुन्हा, नुसती लटकवली तर नाही. तुम्हाला नको असेल तर तोंडी सांगा बाहेर जा म्हणून, नाही गेला तर आम्हाला बोलवा. म्हणजे छातीवर रायफल असलेल्याला बाहेर जा म्हणायचं मी, तेही या पगारात!

तेवढा वेळ चिप्सच्या रॅकपाशी गप्प उभा असलेला एक काळा ट्रक ड्रायव्हर बिल करताना म्हणाला, मी असा आलो असतो तर डेप्युटी इतक्या सावकाश आला असता का गं? मला 2016च्या जुलैमधलं डॅलस आठवलं. तिथल्या मोर्चात एक काळा माणूस अशीच रायफल घेऊन कायदेशीर चालला होता, तेव्हाच कुणीतरी पाच पोलिसांना गोळ्या घालून मारलं. मारणारा दुसराच निघाला, पण पोलिसांनी ट्विटरवर संशयित म्हणून फोटो टाकला तो ह्याचा.

संध्याकाळी शेठना म्हटलं दारावर पाटी लावूया. टेक्ससमधल्याच एल पासोच्या वॉलमार्ट दुकानात झालेल्या गोळीबारानंतर 2019मध्ये वॉलमार्टनंसुद्धा गिऱ्हाइकांना बंदुका उघड आणू नका अशी विनंती केली होती. तर शेठ म्हणे, वॉलमार्टला परवडतं, आपल्या पाटीनं रायफलवाला पोरगा वर्षातनं एकदा अडेल आणि म्हातारा अन् त्याची सगळी कंपनी उद्यापासून समोरच्या पंपावर कॉफी प्यायला जाईल. पाटी नाही लागली. काउंटरवर अजून एक कॅमेरा लागला.